भाच्याची नोकरी

रुग्णालय ही एक चमत्कारिक वसाहत आहे. तिच्या उंबरठ्याच्या आत पाऊल पडले की माणसाची सारी नाती नव्याने सुरू होतात. औषध देणारी ती ‘सिस्टर’, चादर बदलणारी ती ‘मावशी’, चाकांची गाडी ढकलीत नेणारा तो ‘मामा’. ज्या गृहस्थांनी आपल्या सख्ख्या मावशीची दहा वर्षांत विचारपूस केलेली नसते, तेही दुसऱ्याच दिवशी ‘मावशी, जरा पाणी देता का?’ असे मोठ्या लडिवाळपणे म्हणू लागतात. परंतु या कुटुंबात एक इसम असा आहे की, त्याला काय म्हणावे हे अजून कोणालाही नीटसे उमगलेले नाही. तो परिचारिकेचेच काम करतो, तिच्याइतकाच शिकलेला असतो, तिच्याइतक्याच रात्री जागतो. पण तो पुरुष असतो! त्याला ‘सिस्टर’ म्हणता येत नाही. ‘ब्रदर’ म्हणावे तर मिशनातील एखाद्या धर्मोपदेशकाला हाक मारल्यासारखे वाटते. ‘डॉक्टर’ म्हटले तर तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो. आणि ‘नर्स’ म्हटले तर शेजारच्या खाटेवरचा मनुष्य हसतो.

मौज अशी की, आमच्या वऱ्हाडात या अडचणीचे उत्तर फार पूर्वीपासून तयार आहे. येथे भाजीवाला भाऊ, रिक्षावाला भाऊ, तलाठी भाऊ आणि ज्याच्याशी नुकतेच कडाक्याचे भांडण झाले तो शेजारीही भाऊच. पंजाबराव देशमुखांसारखा पुरुष केंद्र सरकारात कृषिमंत्री झाला, तरी लोकांच्या तोंडी तो अखेरपर्यंत ‘भाऊसाहेब’च राहिला. इतका स्वस्त आणि इतका मोलाचा शब्द घरात असताना मी मात्र माझ्या सख्ख्या भाच्याच्या नोकरीला तिचे खरे नाव देण्यास नऊ वर्षे लाजलो. ती हकीकत सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. ती माझ्या मोठेपणाची नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

मी अकोल्यास एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालो. माझी बहीण दर्यापुराकडील एका खेड्यात दिलेली. पूर्णेच्या काठचा तो सारा मुलूख खारपाणपट्ट्याचा; विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही आणि शेती सगळी पावसाच्या भरवशावर. तिचा धाकटा मुलगा हुशार होता. २०१२ साली तो बारावी झाला; डॉक्टर होण्याइतके गुण काही पडले नाहीत. उन्हाळ्यात मी बहिणीकडे गेलो असता एका संध्याकाळी ओसरीवर सगळी मंडळी जमली होती. तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मामाजी, मी नर्सिंगले जातो म्हनतो.”

शिक्षकाच्या जिभेला एक वाईट खोड असते. समोर चार श्रोते दिसले की तिला विनोद सुचतो. मी म्हणालो, “मग टोपी पांढरी घेशील की गुलाबी?”

सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे हसणे सर्वांच्या आधी संपले. त्याच्या वडिलांनी तंबाखू मळता मळता निकाल दिला, “बायकाइचं काम शिकून राह्यलं पोरगं.” त्यावर आतून माझ्या बहिणीचा आवाज आला, “तुमच्या बाबाले लकवा झाला होता तव्हा कोनं केलं सारं? तव्हा नाही म्हनलं कोनी बायकाइचं काम!”

ती म्हणाली ते अक्षरशः खरे होते. तिचे सासरे अर्धांगाने वर्षभर अंथरुणावर होते. त्या वर्षात या पंधरा वर्षांच्या मुलाने त्यांना कुशीवर वळविले होते, त्यांचे अंग पुसले होते, त्यांची घाण काढली होती. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. आणि ते त्याने रात्रीदेखील चुकविले नव्हते. गावातील लोक त्या वेळी त्याला ‘श्रावणबाळ’ म्हणत. मीही एका पत्रात तोच शब्द वापरला होता. पुढे तोच मुलगा तेच काम नीट शिकून घ्यावे म्हणून निघाला, आणि आम्ही त्याला टोपीचा रंग विचारला!

तो मात्र गेला. चार वर्षांचा तो अभ्यासक्रम. सुटीत अकोल्यास आला म्हणजे आमच्याकडे उतरे आणि जेवताना एकेक गोष्ट सांगे. वर्गात मुली पुष्कळ आणि मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शरीरशास्त्र, औषधे, आहार, मनोविकार हे सगळे तर असेच. पण प्रसूतिशास्त्रही मुलांना सुटत नाही. प्रसूतीच्या कक्षात पहिल्यांदा उभे राहावे लागले त्या दिवशी एका बाईच्या सासूने त्याला दाराबाहेरच रोखले. “डॉक्टर पुरुष आत आहे, तो चालतो, मी का चालत नाही, मामाजी?” असे त्याने मला विचारले. मी उत्तर म्हणून त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली ती माझ्या मनात अधिक राहिली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची लघवी अडली होती. नळी घालणे भाग होते. परिचारिका जवळ आली की तो धोतर घट्ट धरून भिंतीकडे तोंड फिरवी. वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण तो ऐकेना. शेवटी भाच्याला बोलाविले. त्याने पडदा ओढला, दोन शब्द शेतीचे बोलला आणि काम उरकले. म्हाताऱ्याने त्याचा हात धरून म्हटले, “तू आधी काहून नाही आला रे भाऊ?”

अमरावतीला स्त्रियांच्या शासकीय रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’ म्हणतात. अकोल्याच्या तशाच रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. ही नावे का पडली, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक निधी उभारला. त्यामागचे कारण असे की, आमच्या बायका परपुरुषाच्या हातून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करीत. स्त्रीच्या लज्जेसाठी रुग्णालये बांधली गेली, स्त्रियांना डॉक्टर आणि परिचारिका म्हणून शिकविले गेले. ते अत्यंत योग्यच झाले. परंतु पुरुषालाही लज्जा असते, आणि सत्तरी उलटलेल्या शेतकऱ्याची लज्जा ही सोळा वर्षांच्या मुलीच्या लज्जेइतकीच कोवळी असू शकते, हे मात्र आमच्या ध्यानातच आले नाही. भिंतीकडे तोंड फिरविणे हा त्या बिचाऱ्याचा एकुलता एक अर्ज होता.

हे काम मुळातच बायकांचे, असे आपण समजतो. त्याला इतिहासाचा आधार किती आहे, हे मी पुढे माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांत पाहिले. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांपैकी परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि स्वच्छता हे चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. तेथला मूळ शब्द ‘उपस्थाता’, आणि तो पुल्लिंगी आहे! युरोपातही सोळाव्या शतकात कॅमिलस नावाच्या एका इटालियन गृहस्थाने आजाऱ्यांच्या सेवेसाठी पुरुषांचाच एक पंथ काढला. हा गृहस्थ आधी शिपाई होता आणि जुगारात सर्वस्व घालवून बसला होता. पुढे १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी जखमी सैनिकांची सेवा केली आणि १८६० मध्ये लंडनला परिचर्येची शाळा काढली. या थोर स्त्रीने एका तुच्छ लेखलेल्या कामाला प्रतिष्ठा आणि शास्त्र दिले. पण ती प्रतिष्ठा स्त्रीच्या नावाने दिली. पुरुष दाराबाहेर राहिला. इंग्लंडात परिचर्येच्या प्रमुख संस्थेने, म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने, पुरुषांना सभासद करून घेतले ते १९६० साली. अमेरिकेच्या लष्कराने आपल्या परिचर्या-दलात त्यांना अधिकाराची जागा दिली ती १९५५ साली. म्हणजे ज्या शिपायांच्या शुश्रूषेपासून हा नवा धंदा जन्मला, त्यांच्याच जातीला त्यात शिरावयास शंभर वर्षे लागली.

आमच्याकडे शब्दांचीही मोठी मौज आहे. नोकरीच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे पदाचे नाव छापले जाई ‘अधिपरिचारिका’. अर्ज करणारा मिशीवाला असला तरी त्याने त्याच नावाखाली अर्ज करावयाचा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्याकडील पदाला ‘नर्सिंग ऑफिसर’ असे भारदस्त नाव दिले आणि लिंगाचा प्रश्न इंग्रजीच्या आश्रयाने सोडविला. तथापि नाव बदलले म्हणजे मन बदलते, असे नाही. २०१९ मध्ये एम्स या मोठ्या संस्थांच्या परिचर्या-भरतीत शंभरांपैकी ऐंशी जागा स्त्रियांना आणि वीस पुरुषांना, असे प्रमाण ठरविण्यात आले. त्याला स्त्रियांच्या बाजूने सबळ कारणे असतील, आणि स्त्रियांनी या धंद्यात जे सोसले ते पाहता त्यांचा वाटा कमी व्हावा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु ते वर्तमानपत्र वाचून माझा भाचा इतकेच म्हणाला, “मामाजी, बाहेर लोक म्हणतात बायकांत कशाला गेला, आणि आत म्हणतात पुरुष पुष्कळ झाले.”

आता माझ्या अपराधाची गोष्ट. त्याच २०१९ साली त्याचे लग्न ठरविण्याचे चालले होते. तो तोपर्यंत एका शासकीय रुग्णालयात लागला होता. घरात शिकलेला मामा मी, तेव्हा मुलाची माहिती लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. नाव, गोत्र, उंची, शिक्षण ही सगळी मी सुवाच्य अक्षरात लिहिली. ‘नोकरी’ या शब्दापाशी मात्र लेखणी थबकली. थोडा विचार करून मी लिहिले: ‘शासकीय आरोग्यखात्यात कायम नोकरी’. त्यात असत्य एक अक्षरही नव्हते. आणि संस्कृतच्या शिक्षकाला ठाऊक असते की, सत्याचा असा उपयोग धर्मराजाने एकदा केला होता आणि त्याचा रथ जमिनीला टेकला होता.

स्थळ अकोल्याचेच होते. मुलीचे वडील सज्जन. मंडळी पाहावयास आली, चहा-पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी सहज विचारले, “आरोग्यखात्यात म्हणजे कचेरीत का?” मी तोंड उघडणार तोच भाचा शांतपणे म्हणाला, “नाही, मी नर्स आहे. अपघात विभागात असतो.” त्या क्षणी पंख्याचा आवाज मला फार मोठा वाटला. मंडळींनी चहा संपविला आणि चांगल्या रीतीने निरोप घेतला. आठ दिवसांनी नकार आला.

मी तो नकार आमच्या समाजाच्या कोतेपणावर जमा केला आणि चार लोकांत त्यावर तावातावाने बोललोही. पुढे एकदा ते गृहस्थ मला मोर्णेच्या पुलाजवळ भेटले. मी थोड्या घुश्शातच होतो. ते म्हणाले, “मास्तर, राग मानू नका. आमच्या घरातही या नोकरीवर चर्चा झाली, नाही असे नाही. पण मुलगा स्वतः सांगतो आणि कागद लपवतो, तेव्हा मला वाटले, याच्या घरच्यांनाच याची लाज वाटते. जिथे मुलालाच मान नाही, तिथे आमच्या मुलीला काय असेल?” मला यावर उत्तर सुचले नाही. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही. बहिणीलाही सांगितली नाही. नकाराचे बिल मी समाजाच्याच नावावर राहू दिले.

मग २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. मी अमरावतीला मुलीकडे आलो होतो. करोनाची पहिली लाट ओसरली म्हणून लोक निर्धास्त झाले होते, आणि नेमक्या आमच्याच भागात रोगाने पुन्हा डोके वर काढले. २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागली. त्याच आठवड्यात मला ताप भरला. बोटाला लावावयाच्या त्या चिमुकल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा ८८ वर आला आणि मुलीने मला एका रुग्णालयात दाखल केले. ती दारापर्यंत आली. पुढे तिला येऊ देत ना. मागे वळून पाहिले तेव्हा ती काचेपलीकडे उभी होती. आयुष्यात प्रथमच मला कळले की, आपले म्हणून जे कोणी आहेत, त्यांच्यापैकी एकही आता आपल्याजवळ येऊ शकत नाही.

रात्री आमच्या कक्षात जो होता तो पुरुष होता, इतके मला आवाजावरून कळले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांवर बाष्पाने धुरकटलेला मोठा चष्मा. एकमेकांना ओळखता यावे म्हणून या लोकांनी पाठीवर काळ्या शाईने नावे लिहिलेली असत. पण माझा चष्मा उशाखाली, आणि तो पाठमोरा होई तेव्हा मला केवळ एक काळी रेघ दिसे. त्याने मला सांगितले, “आजोबा, पालथे झोपा; फुफ्फुसाला हवा मिळते.” माझ्याने वळवेना. तेव्हा त्याने एक हात माझ्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला, आणि इतक्या सफाईने वळविले की मुखावरील प्राणवायूची नळीदेखील हलली नाही. ती सफाई मी ओळखली. दर्यापुराकडच्या त्या घरात मी ती पाहिली होती.

पुढच्या गोष्टी सभ्य मासिकात लिहाव्यात की नाही, याचा मी विचार केला. परंतु न लिहिल्यास हा लेख म्हणजे पुन्हा तोच ‘आरोग्यखात्यात नोकरी’चा कागद होईल. त्या पाच रात्री माझे लघवीचे भांडे त्याने दिले आणि उचलले. एकदा अंथरूण खराब झाले. मी डोळे मिटून पडून राहिलो, अगदी त्या भिंतीकडे तोंड फिरविणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. त्याने पडदा ओढला, कोमट पाण्याने मला पुसले, कपडे बदलले, आणि सगळा वेळ तो यंदाच्या हरभऱ्याच्या भावाविषयी बोलत होता! काम संपले तेव्हा मला लाज वाटण्यास सवड मिळालीच नव्हती, हे माझ्या ध्यानात आले. हे त्याला कोणी शिकविले असेल? की हेही त्या अभ्यासक्रमातच असते?

माझ्या शेजारच्या खाटेवर अचलपुराकडील एक शेतकरी होता. चौथ्या रात्री त्याची प्रकृती फार बिघडली. डॉक्टर येऊन गेले, यंत्र बदलले. पहाटेच्या सुमारास त्याला वात झाला आणि तो ‘माय वं, माय वं’ म्हणून हाका मारू लागला. सहा फुटी मनुष्य, पिकलेल्या मिशा. आणि हाक लहान मुलाची. तो परिचारक खाटेच्या कडेला टेकला, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, “हाव, अथीच हावो मी. भेऊ नोका.”

त्याने ‘मी तुमची आई नाही’ असे सांगितले नाही; आणि त्या हाकेची त्याला लाजही वाटली नाही. थोड्या वेळाने तो शेतकरी शांत झाला. मग कायमचाच शांत झाला. पुढचे सोपस्कार सुरू होण्यापूर्वी त्या माणसाने त्याचे डोळे मिटले, चादर नीट केली आणि विस्कटलेले केस हातमोज्याच्या बोटांनी सारखे केले. पाहणारे कोणी नव्हते. मी जागा आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

मला घरी सोडले त्या दिवशी त्याचे आभार मानावेत म्हणून मी चौकशी केली. त्याची पाळी संपून तो विलगीकरणात गेला होता. नाव विचारले तर सिस्टर म्हणाली, “रात्रीचे ब्रदर तिघे आहेत, आजोबा. तुमचा कोणता?” मला सांगता येईना. ज्याने मला लहान मुलासारखे धुतले-पुसले, त्याचा चेहरा मी अद्याप पाहिलेला नाही.

त्या वर्षाच्या हिवाळ्यात, अंगात शक्ती आल्यावर, मी जावयाबरोबर अमरावतीजवळच्या तपोवनात गेलो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली. होमिओपॅथीचा चांगला चाललेला व्यवसाय आणि समाजातील मान असताना या गृहस्थाने ज्यांना घरचेही शिवत नसत अशा रोग्यांना जवळ केले. आमचा विदर्भ याबाबतीत खरोखर भाग्यवान आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्येच हे काम आरंभिले होते; पुढे वरोड्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. सेवाग्रामला महात्मा गांधी १९३९ पासून परचुरेशास्त्री या कुष्ठरोगी पंडिताच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालीश करीत. हे सगळे पुरुष! त्यांनी केले ते काम कोणते? जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, अंग चोळणे, रोग्याजवळ बसणे. आम्ही त्यांच्या तसबिरींना हार घालतो, आणि तो घातलाच पाहिजे. त्यांना कोणी टोपीचा रंग विचारला नाही.

तपोवनातील झाडाखाली बसलो असताना माझ्या मनाने मला हाच प्रश्न केला. महात्म्याने जखम धुतली तर ती सेवा. घरच्या नातवाने धुतली तर तो श्रावणबाळ. आणि माझ्या भाच्याने धुतली तर ते बायकांचे काम. जखम तीच, पाणी तेच, हातही पुरुषाचेच. फरक एवढाच की, भाचा महिनाअखेर पगार घेतो. म्हणजे आम्हाला खटकते ते पुरुषाने शुश्रूषा करणे नव्हेच. शुश्रूषा हे पोट भरण्याजोगे, शिकून घेण्याजोगे, मान देण्याजोगे काम आहे, हेच आम्ही अद्याप कबूल केलेले नाही. बायकांकडून ते घरात फुकट मिळत आले, म्हणून त्याला मोल नाही. आणि ज्याला मोल नाही ते पुरुषाने का करावे, हा आमचा हिशेब. भाच्याला ‘बायकी’ म्हणून हसताना आम्ही खरे पाहता त्याच्या आईला आणि आजीलाच हसत होतो. आणि महात्म्यांच्या बाबतीत आम्ही एक सोयही पाहिली आहे: महात्मे थोडे असतात, आपल्या घरात जन्मत नाहीत, आणि आपल्याला त्यांच्यासाठी स्थळ पाहावे लागत नाही! परंतु चौथ्या रात्री पहाटे चार वाजता आपल्या खाटेजवळ महात्मा येत नाही. येतो तो पगारी माणूस. आणि त्याने पगार घेतला म्हणून त्याचा हात कमी मऊ नसतो.

अकोल्याला परतल्यावर भाचा भेटावयास आला. दोन वर्षांत तो वाळला होता; नाकावर मुखपट्टीचा वळ अजून होता. मी कपाटातून तो जुना कागद काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि मोर्णेच्या पुलावरची हकीकत सांगितली. चाळीस वर्षे मुलांकडून चुका कबूल करून घेतल्या. स्वतःची कबूल करणे किती कठीण असते ते त्या दिवशी कळले. तो काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मामाजी, मले मालूम होतं. त्या दिवशी कागद मी वाचला होता ना.” आणि हसला. या खेपेला त्याचे हसणे माझ्या आधी संपले नाही.

मी नवा कागद घेतला. ‘नोकरी’ या शब्दापुढे ‘परिचारक’ असे लिहिले. तो म्हणाला, “लोकाइले समजन काय हे?” मी त्याच्यापुढे ‘म्हणजे नर्स’ असे ठसठशीत अक्षरांत जोडले. चरकाचे आणि वऱ्हाडाचे दोघांचेही समाधान झाले.

परवाचीच गोष्ट. सकाळी फिरावयास गेलो असता आमच्या आळीतले एक निवृत्त अधिकारी भेटले. भाचा आलेला त्यांनी पाहिला होता. “काय करतात चिरंजीव?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “नर्स आहे.” ते क्षणभर गप्प राहिले. पूर्वी अशा वेळी मी घाईघाईने ‘सरकारी’ हा शब्द पुढे करीत असे. या वेळी मीही गप्प राहिलो. मग ते जरा जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू का? आमचे वडील अंथरुणाला खिळले आहेत. पाठीला जखम झाली आहे. घरी कोणाला धुता येत नाही, आणि ते सुनेला हात लावू देत नाहीत... येतील का हो जरा?”

मी घरी येऊन भाच्याला हे सांगू लागलो. माझे वाक्य पुरे होण्यापूर्वीच तो पायांत चपला सरकवीत होता.